ऐकण्याआधीच दिलेली दाद

१९१८ साली, पहिले महायुद्ध संपत असताना, संगीतकार आर्नोल्ड शोएनबर्गने व्हिएन्नात नव्या संगीताच्या खासगी मैफलींसाठी एक संस्था काढली. तिचे नियम कडक होते. वर्तमानपत्री समीक्षकांना प्रवेश नाही. आज काय वाजणार हे आधी जाहीर करायचे नाही, म्हणजे आवडत्या नावापुरती गर्दी होणार नाही. आणि वादन संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, हुर्योही करायची नाही. पाच वर्षांपूर्वी, ३१ मार्च १९१३ रोजी, त्याच शहरात शोएनबर्ग आणि त्याच्या शिष्यांच्या रचनांच्या कार्यक्रमात श्रोते हातघाईवर आले होते आणि कार्यक्रम अर्ध्यावर बंद करावा लागला होता. त्यामुळे हुर्योवरची बंदी सहज समजते. टाळ्यांवर बंदी कशासाठी, या प्रश्नापाशी मात्र थांबावेसे वाटते.

संस्था जेमतेम तीन वर्षे चालली. तेवढ्या काळात ११७ मैफली झाल्या, १५४ रचना सादर झाल्या आणि त्यांची एकूण वादने झाली ३५३. एकच रचना पुन्हा पुन्हा वाजवली जाई, तीही भरपूर तालमी करून. पहिली दोन वर्षे शोएनबर्गने स्वतःची एकही रचना तिथे वाजवू दिली नाही. त्याचा सगळा भरवसा ओळखीवर होता. अनोळखी संगीत पहिल्या खेपेला कानात शिरतच नाही, आणि टाळी वाजली की ऐकणाऱ्याच्या मनात ते प्रकरण मिटते. ऐकले, काम मोठे आहे, चला. हुर्यो करणारा निदान चिडलेला असतो. घरी पोहोचेपर्यंत ते सूर त्याच्या डोक्यातून जात नाहीत.

आज प्रायोगिक संगीताला हुर्यो करणारे फारसे उरलेले नाहीत. या पुस्तकात ज्या रचनांची ओळख करून दिली आहे त्यांतल्या बहुतेकांना मान आहे. त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, विद्यापीठांतून त्या शिकवल्या जातात, आणि चारचौघांत त्यांचे नाव निघाले की माना आदराने हलतात. हा आदर बाळगणाऱ्यांपैकी किती जण रात्री जेवणे आटोपल्यावर, कोणी सांगितलेले नसताना, त्यांतली एखादी रचना आपण होऊन लावतात? असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न या विषयाच्या मुळाशीच आहे असे वाटते.

आपल्याकडच्या बैठकीत दाद कशी जाते ते पाहा. गायक एखादी जागा घेतो आणि त्याच क्षणी समोरच्याचा हात उठतो, तोंडून ‘वा’ निघून जाते. दाद त्या जागेला असते. गायकाचे घराणे, त्याची तपश्चर्या, त्याने रागाबद्दल मांडलेला विचार, हे सगळे आपण नंतर चहा पिताना बोलतो. आधी जागा, मग बोलणे. प्रायोगिक संगीताच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. बोलणे आधी पोहोचले, जागा मागे राहिली. रचनेमागची कल्पना इतकी सांगण्याजोगी असते की ती ऐकूनच माणूस दाद देऊन मोकळा होतो. अशी दाद खोटी नसते. मलाही अनेक कृतींविषयी ती मनापासून वाटते. पण ती पूर्ण कृतीला एकगठ्ठा दिलेली असते आणि दुसऱ्याकडून ऐकूनही देता येते. आनंदाचे तसे होत नाही. तो नेहमी कुठल्यातरी एका जागेवर अडकलेला असतो, आणि ती जागा स्वतःच्या कानाने, तेवढा वेळ खर्चून, शोधावी लागते.

जॉन केजच्या ‘चार मिनिटे तेहेतीस सेकंद’ या कृतीचे नाव संगीताशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ, झाडीत उभ्या असलेल्या एका लाकडी सभागृहात, डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला आणि तीन भागांत मिळून त्याने एकही पट्टी दाबली नाही. भाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तो पियानोचे झाकण लावून-उघडून दाखवत होता. सभागृहाची मागची बाजू मोकळी होती. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडू लागले आणि तिसऱ्यात श्रोत्यांनीच कुजबुज आणि उठाऊठ करून आवाज केले, असे केज पुढे सांगत असे. ही हकिकत सुंदर आहे आणि तिचे कौतुक करायला साडेचार मिनिटेही लागत नाहीत. कृती प्रत्यक्ष अनुभवायची तर तेवढी मिनिटे कुठेतरी खरोखर बसून काढावी लागतात. हकिकत सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती काढलेली असतात. त्या बैठकीतला आनंद छपरावरच्या थेंबांचा होता. तो त्या रात्री त्या छपराखाली बसलेल्यांना मिळाला असेल तर मिळाला. आपल्याला आपल्या छपराखालचा शोधावा लागेल.

याच केजची दुसरी एक कृती मात्र केवळ ऐकण्यासाठी आहे, आणि पहिलीच्या कीर्तीमुळे ती झाकली गेली याची मला खंत वाटते. ‘सोनाटा आणि इंटरल्यूड’ हे नाव. १९४६ ते ४८ या काळातली, वीस छोट्या तुकड्यांची. तिच्यासाठी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे ठरावीक अंतरावर बसवावे लागतात. पंचेचाळीस स्वरांची अशी तयारी करायची. मग पट्टी दाबली की कधी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा ठोका येतो, कधी जलतरंगाच्या वाटीसारखा नाद, कधी दूरच्या घुंगरांसारखे काहीतरी. नेमक्या त्याच वर्षांत केज आनंद कुमारस्वामींचे लेखन वाचत होता आणि आठ स्थायी भाव व त्या सर्वांचा शांताकडे असलेला कल ही कल्पना त्याने या रचनेत घेतली. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो आहे याची त्यांना काळजी होती आणि ते संगीत त्यांना मुळातून समजून घ्यायचे होते. केजने त्यांना ते शिकवले, त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवले. पैशाचा व्यवहार नाही. संगीताने चित्त शांत व्हावे आणि ईश्वरी प्रभाव स्वीकारायला ते तयार व्हावे, असे, संगीत कशासाठी या प्रश्नाला त्यांच्या गुरूंकडून आलेले उत्तर केजने त्यांच्याकडून घेतले आणि पुढे जन्मभर सांगितले. जाताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांचे इंग्रजी पुस्तक भेट दिले. हे सगळे माहीत नसतानाही त्या सोनाटा आवडतात. हे कळल्यावर त्या जास्त आवडतात का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच द्यावे लागते. त्यांच्याविषयीचा आदर मात्र वाढतो. दोन गोष्टींच्या वाटा कशा वेगळ्या असतात, हे इथे स्वच्छ दिसते.

या वाटा किती दूर जाऊ शकतात याचे टोकाचे उदाहरण म्हणजे पिएर बूलेझच्या ‘स्ट्रुक्त्यूर’चा पहिला भाग. दोन पियानोंसाठी लिहिलेल्या या रचनेत स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर, तो दाबण्याची पद्धत, सगळे एका बारा-घटकी मांडणीतून काढलेले आहे. मांडणीही बूलेझची स्वतःची नाही. गुरू ऑलिव्हिए मेस्सियाँच्या १९४९च्या एका पियानो-रचनेतून त्याने ती उचलली. १९५२ साली पॅरिसमध्ये गुरुशिष्यांनी मिळूनच ती वाजवली. १९५८ साली ग्यॉर्गी लिगेटीने तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कोणता निर्णय बूलेझचा आणि कोणता यंत्रवत आपोआप पडलेला, हे त्याने एकेक धागा सोडवून दाखवले. ते विश्लेषण मी पेन्सिल घेऊन वाचले आहे आणि त्यात मला खरा आनंद मिळाला, रहस्यकथा उलगडावी तसा. रचना मात्र पुनःपुन्हा ऐकूनही तिच्यात मला एकही जागा सापडलेली नाही. स्वर येतात, जातात, कोणाचीही वाट पाहावीशी वाटत नाही.

याउलट यानिस झेनाकिसचे गणित. तो अभियंता होता, वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिएच्या कचेरीत काम करत असे, आणि त्याच्या संगीतावर लिहिणारे पहिल्या परिच्छेदातच संभाव्यता-सिद्धान्त काढतात. वाचणारा दबून जातो. पण १९५५ साली पहिल्यांदा वाजलेली त्याची ‘मेटास्टासिस’ लावा आणि आवाज थोडा मोठा ठेवा. एकसष्ट वादक आहेत. सुरुवातीला सगळी तंतुवाद्ये एकाच स्वरावर आहेत, आणि मग प्रत्येक वादक आपापल्या वेगाने मींड घेत त्या स्वरापासून दूर सरकू लागतो, कोणी वर, कोणी खाली. एका रेषेचा हळूहळू पंखा उघडत जातो. मींड आपल्या ओळखीची आहे, पण चाळीसहून अधिक मींडा एकाच वेळी, प्रत्येकीचा वेग निराळा, हे आपल्या कानांनी कधी ऐकलेले नसते. पोटात काहीतरी हलते. इथे गणित येत असण्याची काही गरज नाही. युद्धकाळात अथेन्समध्ये मोर्च्यातल्या हजारोंच्या घोषणा आणि मग गोळीबाराने झालेली पांगापांग झेनाकिसने ऐकली होती, त्याच काळातल्या लढाईत त्याने एक डोळाही गमावला. एकेकट्या आवाजांचा जमाव होतो तेव्हा काय घडते हे त्याला सूत्रात बांधायचे होते. सूत्र त्याची गरज होती. ऐकणाऱ्याला मिळतो तो जमाव.

आदरामुळे आनंद दडपला जातो असेही होते. पोलंडच्या ख्रिश्तॉफ पेंडेरेत्स्कीने बावन्न तंतुवाद्यांसाठी एक रचना केली, तिचे मूळ नाव म्हणजे नुसता तिचा कालावधी होता, आठ मिनिटे सदतीस सेकंद. प्रत्यक्ष वाजलेली ऐकल्यावर त्याने ती हिरोशिमाच्या मृतांना अर्पण केली आणि आज ती त्याच नावाने ओळखली जाते. त्या नावापुढे सगळेच नतमस्तक होतात, आणि होणे योग्य आहे. पण मग त्या बावन्न वाद्यांच्या किंचाळीत जो नादाचा विलक्षण थरार आहे, तो घ्यायला माणूस बिचकतो. शोकगीतात मजा वाटली असे कसे म्हणायचे? मला वाटते, म्हणायला हरकत नसावी. तो थरार पेंडेरेत्स्कीने आधी लिहिला, शोक त्यात त्याला नंतर ऐकू आला.

आता एक कृती जवळून पाहू, कारण तिच्यात कल्पना आणि ऐकणे यांच्यातले अंतर मोजता येते. अल्विन ल्युसीर या अमेरिकन संगीतकाराची १९६९ची रचना, ‘मी एका खोलीत बसलो आहे’. एक माणूस खोलीत बसून काही वाक्ये वाचतो आणि ती टेप करतो. टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप करतो. ती टेप पुन्हा वाजवतो, पुन्हा टेप करतो. प्रत्येक खोलीला तिच्या लांबी-रुंदी-उंचीप्रमाणे काही स्वर मानवतात. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार लावताना एखादाच सूर भरून परत येतो, तेच हे. प्रत्येक फेरीत खोलीला मानवणारे स्वर थोडे वाढतात, बाकीचे थोडे झिजतात. शेवटी शब्द नाहीसे होऊन नुसता नाद उरतो. झाली कल्पना सांगून. ती ऐकून कोणीही म्हणेल, वा, काय सुचले आहे! आणि ऐकायची राहिली तरी काही बिघडले असे त्याला वाटणार नाही.

१९८१ साली तबकडीवर आलेले तिचे रूप सुमारे पंचेचाळीस मिनिटांचे आहे. ल्युसीर बोलताना अडखळत असे. वाचलेल्या मजकुरात तो आपण काय करत आहोत हे सांगतो आणि आपल्या अडखळण्याचाही उल्लेख करतो, आणि तो वाचताना अडखळतोच. पहिल्या चार-पाच फेऱ्या तुम्ही अर्थ ऐकता. मग आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा होतो आणि तुम्ही अर्थ आठवू लागता, कारण मजकूर एव्हाना पाठ झालेला असतो. त्यानंतर एक टप्पा येतो, आणि माझी जागा तीच आहे. कानावर पडणाऱ्या आवाजात एकही शब्द ओळखू येत नाही, तरी मनात वाक्य चालूच असते, आणि बाहेरचा नाद त्या वाक्याच्या चालीने हलत असतो. काही फेऱ्यांनी मनातले वाक्यही सुटते. राहतो तो लांब, घंटेसारखा, हलता सूर. त्याच्या लयीत मात्र त्या माणसाच्या बोलण्याची ठेवण शेवटपर्यंत असते, अडखळण्यासकट. हे सारे कल्पनेत नव्हते. ‘शब्द नाहीसे होतात’ एवढेच कल्पना सांगते. ते कधी आणि कसे नाहीसे होतात, मनात किती वेळ रेंगाळतात, आणि गेल्यावर त्या माणसाविषयी आपल्याला अचानक जवळीक का वाटते, हे त्या पंचेचाळीस मिनिटांखेरीज कुठेही मिळत नाही.

हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला या संगीताची एक अडचण जास्त जाणवते आणि एक सोय जास्त मिळते. अडचण समेची. ख्याल ऐकताना आपण सतत कशाची तरी वाट पाहत असतो. विलंबितात आवर्तन कितीही लांबले तरी सम येणार हे पक्के असते, मुखडा सुरू झाला की शरीर पुढे झुकते आणि समेवर मान हलते. लिओनार्ड मेयर या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ साली भावनेचा आणि संगीताचा संबंध अपेक्षेवरूनच लावला होता: अपेक्षा जागी करायची, लांबवायची, मग पुरी करायची. ज्या संगीतात सम नाही, मुखडा नाही, परत येण्याचे वचन नाही, तिथे पहिल्यांदा जे वाटते ते अधांतरी वाटणे खरे आहे. त्यावर ‘तुम्हाला कळत नाही’ असे उत्तर देणाऱ्यांनी या संगीताचे फार नुकसान केले आहे. १९५८ साली मिल्टन बॅबिटने एका अमेरिकन मासिकात असा युक्तिवाद केला की पुढारलेले गणित जसे गणित्यांसाठी असते तसे पुढारलेले संगीत तज्ज्ञांसाठी असावे. संपादकाने त्या लेखाला, तुम्ही ऐकता की नाही याची पर्वा कोणाला आहे, अशा अर्थाचा मथळा दिला. तो बॅबिटचा नव्हता, पण बदनामी त्याच्या वाट्याला आली. तज्ज्ञांसाठी संगीत असायला माझी हरकत नाही. पण गणिताची सिद्धता कागदावर पुरी होते, संगीत तसे होत नाही, आणि हा फरक त्या युक्तिवादात हरवलेला आहे.

सोय आहे ती तंबोऱ्याची. १९६० साली ला माँट यंगने एक रचना लिहिली, तिच्यात दोनच स्वर आहेत, त्यांच्यात षड्ज-पंचमाचे अंतर आहे, आणि ते बराच वेळ धरून ठेवावेत एवढीच सूचना. तिकडच्या श्रोत्याला हा प्रयोग होता. आपण लहानपणापासून तेच अंतर ऐकत, त्यावर काहीतरी उमलण्याची वाट पाहत बसलेलो आहोत. फरक एवढाच की यंगकडे त्यावर काही उमलत नाही, म्हणून आपले लक्ष त्या अंतराच्या आतच जाते, जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वरांकडे जावे तसे. हा योगायोगही नव्हे. अली अकबर खाँसाहेबांच्या १९५५च्या तबकडीवर यंगने तंबोरा ऐकला होता. पुढे १९७० पासून तो आणि टेरी रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. हिराबाई बडोदेकरांनाही त्यांचीच तालीम होती. म्हणजे ज्या हिराबाईंच्या तबकड्या मराठी घराघरांत वाजल्या, त्या आणि न्यूयॉर्कच्या प्रायोगिक संगीतकारांचे गुरू, एकाच उस्तादांपुढे बसलेले. या संगीताला ‘तिकडचे’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मला फार वाटते.

रायलीची ‘इन सी’ प्राणनाथांच्या आधीची, १९६४ची. त्रेपन्न छोट्या स्वरावली आहेत. वादक कितीही असोत, प्रत्येकाने त्या क्रमाने घ्यायच्या, पण एकेक किती वेळा घोळायची हे त्याने ठरवायचे. वरचा षड्ज कोणीतरी अखंड ठोकत राहतो. सुरुवातीला सगळे शुद्ध स्वरांत असते, गजबजलेले, प्रसन्न. चौदाव्या स्वरावलीत तीव्र मध्यम येतो. तो एकदम येत नाही. पुढे गेलेल्या एखाद्या वादकाकडे येतो, बाकीचे अजून मागच्या शुद्ध मध्यमात असतात, आणि काही वेळ दोन्ही मध्यम एकत्र नांदतात. मग एकेक जण पलीकडे जातो आणि सगळ्या खोलीचा रंग कल्याणाकडे झुकतो. शेवटच्या स्वरावलींत कोमल निषाद येतो तेव्हा असाच दुसरा रंग चढतो. ही जागा ज्याला सापडली त्याला पुन्हा कोणी ‘इन सी’ची थोरवी सांगावी लागत नाही. आणि प्रत्येक वादनात ती निराळ्या क्षणी, निराळ्या वाद्यावर येते, म्हणून पुन्हा ऐकायची हौस टिकते.

आपल्याच घरात प्रयोग मागे पडून जागा कशी उरते ते कुमार गंधर्वांच्या बाबतीत पाहायला मिळते. क्षयातून उठल्यावर देवासला त्यांनी जे गाणे उभे केले, माळव्याच्या लोकधुनांतून जे राग काढले, त्यावर परंपरेच्या जाणकारांनी भरपूर आक्षेप घेतले. आज ‘मालवती’ किंवा ‘सहेली तोडी’ प्रयोग म्हणून कोणी ऐकत नाही. १९६५च्या ‘अनूपरागविलास’मधून कुमारांचा विचार कळतो, पण लोक त्यांच्याकडे वळले ते अर्ध्यात तोडलेल्या एखाद्या स्वराने, त्यानंतर सोडलेल्या मोकळ्या जागेने.

माझ्यासाठी या सगळ्या संगीताचे दार मॉर्टन फेल्डमनने उघडले, म्हणून या पुस्तकात त्याला झुकते माप आहे हे आधीच सांगतो. त्याचे संगीत हळू असते आणि उत्तरार्धात फार लांब. दुसरी तंतुचौकडी, १९८३ची, पुरी वाजवली तर सहा तासांच्या घरात जाते. हा आकडाच लोकांना आदराने दूर ठेवतो. म्हणून मी ‘पॅले द मारी’पासून सुरुवात करायला सांगेन. १९८६ची, एकट्या पियानोची, सुमारे पंचवीस मिनिटांची. फेल्डमनच्या मापाने चिमुकली. एक लहानशी स्वराकृती येते, विरते, शांतता पसरते. ती पुन्हा येते. तीच आहे का? एक स्वर बदलल्यासारखा वाटतो, की आपलीच आठवण फसते आहे? फेल्डमनला तुर्कस्तानातले हातविणीचे गालिचे आवडत. त्यांत रंग थोड्या थोड्या सुताला लावतात, म्हणून एकाच लाल पट्ट्यात लाल किंचित बदलत जातो. त्याच्या आकृत्या तशाच परततात. मुखड्याची ओळख पटल्याचे सुख इथे मिळत नाही, पण ओळख पटते-पटत नाही अशा सीमेवर उभे राहण्याचे सुख मिळते, आणि विलंबित आलापी ऐकायची सवय असलेल्याला ते फार परके वाटू नये. हे संगीत इतके मंद वाजते की पुण्या-मुंबईच्या घरात पंखा चालू असला तर त्याचा निम्मा भाग पंख्यातच जातो. हिवाळ्यात, पंखा बंद करून ऐकावे.

जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये स्टीव्ह राइशची ‘फोर ऑर्गन्स’ वाजत होती. चार इलेक्ट्रिक ऑर्गन, एक न थांबणारा खुळखुळा, आणि एकच स्वरगुच्छ, जो हळूहळू ताणला जातो. श्रोते मध्येच ओरडू लागले, संपल्याचा बहाणा करून टाळ्या वाजवू लागले, एका बाईने पुढे येऊन रंगमंचावर चप्पल आपटून हे थांबवा म्हणून सांगितले. वादकांना मोठ्याने मोजून एकमेकांना सावरावे लागले, असे मायकेल टिल्सन थॉमसने पुढे सांगितले; तोही त्या चौघा वादकांत होता. ती बाई मला विरोधक वाटत नाही. तिने ते संगीत कानांनी ऐकले होते आणि ते असह्य होते आहे हे तिला नेमक्या कोणत्या क्षणी वाटले हे तिला माहीत होते. तिच्याशी बोलता येईल. ‘फार महत्त्वाची रचना आहे’ म्हणून घड्याळाकडे बघत बसलेल्याशी काय बोलणार?

तेव्हा या पुस्तकाची रचना काळाच्या क्रमाने केलेली नाही. सुरुवात ‘इन सी’ने होते, मग केजच्या सोनाटा, मग झेनाकिस, आणि फेल्डमन मध्यावर येतो. प्रत्येक प्रकरणात आधी काय ऐकू येते ते लिहिले आहे. रचनेमागचा विचार, काळ, वाद हे त्यानंतर. मला जिथे जागा सापडली तिथे ती साधारण कितव्या मिनिटाला आहे हे दिले आहे. ध्वनिमुद्रण बदलले की वेळ बदलेल, तेव्हा मागेपुढे शोधावे. प्रकरण वाचण्याआधी रचना एकदा तरी ऐकावी, आणि न आवडल्यास आठवडाभराने पुन्हा.

शेवटचा भाग अशा कृतींचा आहे ज्यांचा मी आदर करतो आणि ज्या मला अजून आवडलेल्या नाहीत. ‘स्ट्रुक्त्यूर’ तिथे आहे, बॅबिटच्या १९४७च्या तीन पियानो-रचनाही तिथे आहेत. त्यांना गाळणे सोपे होते. पण ज्यांनी त्या प्रेमाने वाजवल्या आणि ऐकल्या अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या कानाला जे मिळाले ते माझ्या कानाला मिळाले नाही एवढ्यावरून ते तिथे नाहीच असे म्हणता येत नाही. त्या प्रकरणांत मिनिटांची जागा कोरी सोडली आहे. कोणा वाचकाला तिथे काही सापडले, तर कोणते ध्वनिमुद्रण आणि कितवे मिनिट ते कळवावे. पुढच्या आवृत्तीत ते छापले जाईल.